भोंगाबाईचा दुसरा आवाज

आमच्या एस.टी. स्टँडवर तिला सगळे भोंगाबाई म्हणत. चालक, वाहक, चहावाला, झाडणाऱ्या बायका, सगळेच. तिला त्याचा राग नव्हता. "भोंगा वाजतो म्हणून गाड्या सुटतात," ती म्हणायची, "नाहीतर तुम्ही संध्याकाळपर्यंत गप्पाच हाणल्या असत्या."

तिच्या काचेच्या खोलीला लागूनच माझी पासाची खिडकी. मधे पातळ लाकडी भिंत. त्यामुळे तिची प्रत्येक सूचना मला दोनदा ऐकू यायची. आधी भिंतीतून, मग फलाटावरच्या कर्ण्यातून. माइकसमोर बसली की ती गावांची नावं अशी घ्यायची, जणू पाहुण्याला हात धरून घरात आणतेय. सावकाश, गोड. आणि माइक बंद केला की मिरची. तीन वाक्यांचं काम एका शब्दात उरकायची. "अगं, जरा प्रेमानं बोल की," असं मी एकदा म्हटलं तर म्हणाली, "प्रेम सगळं फलाटावर संपतं. घरी न्यायला उरत नाही."

ते गोड बोलणं तिला मावशीनं शिकवलं होतं. आई लहानपणीच गेली, मावशीनं वाढवली. मावशी घरी शिवणकाम करायची आणि ही मशीनशेजारी बसून तिला पुस्तकं वाचून दाखवायची. मशीनच्या खडखडाटातून आवाज पोचावा म्हणून ही ओरडायची. मावशी म्हणायची, "ओरडू नकोस पोरी, शब्द लांबव." तीच सवय पुढे पोटापाण्याला आली.

आता मावशी म्हातारी झाली होती. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते. ती मुला-सुनेकडे दुसऱ्या गावी राहायची, बसनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. भोंगाबाई रविवारी तिला फोन करायची. "थेंब घातलेस? जेवलीस? बरं, ठेवते." तिचाही दोष नव्हता. नवरा रात्रपाळीचा पहारेकरी, दिवसा झोपलेला. दोन खोल्यांचं घर, तिथे सगळं बोलणं कुजबुजतच चालायचं. बाजारात कुणी आवाजावरून ओळखलं, तर खुलणारी ही बाई स्वतःच्या घरात मात्र मांजरासारखी वावरायची.

स्टँडवर फुकटचं इंटरनेट आलं आणि भोंगाबाईला नाद लागला. दोन गाड्यांच्या मधे तिला वेळच वेळ असायचा. आधी नुसतं शोधणं. दीपगृहात राहणारी माणसं काय खातात, इथपासून सुरुवात. मग वाचनाचं एक अॅप, ज्यात आधीच्या वाचकांनी अधोरेखित केलेली वाक्यं फिकट रंगात दिसायची. "बघ, या ओळीपाशी इतकी माणसं थांबलीयत," ती भिंतीवर टकटक करून मला सांगायची. मग आवडी जुळवून देणारी एक साइट. तिनं आवड म्हणून 'दीपगृहं' लिहिलं आणि जगभरच्या मूठभर वेड्यांच्या गटात जाऊन पडली. ते एकमेकांना दिव्यांचे फोटो पाठवायचे. मी विचारलं, "तू समुद्र कधी पाहिलायस?" तर म्हणाली, "नाही. म्हणूनच."

त्या गटातल्याच कुणीतरी तिला एक नवी साइट सुचवली. डोळे अधू झालेल्यांसाठी तिथे माणसं पुस्तकं वाचून ठेवत आणि ऐकणारे फोनवर ती ऐकत. भोंगाबाईच्या डोक्यात लगेच मावशी आली. दुपारी गाड्या विरळ असताना ती काचेचं दार लावून घ्यायची आणि फोनसमोर वाचायची. भिंतीतून मला ऐकू यायचं. खोटं कशाला सांगू, पास फाडता फाडता माझा हात थांबायचा. मधेच गाडी लागली की ती वाचन थांबवायची, फलाटाचा नंबर सांगायची आणि पुन्हा त्याच ओळीवर यायची.

मावशीच्या सुनेनं मावशीच्या फोनवर ती साइट लावून दिली. मावशी ऐकायला लागली. फक्त मावशीच नाही, ऐकणारे वाढतच गेले. "तुमचा आवाज ऐकला की झोप लागते", "तुमच्यामुळे माझी आई शांत असते", असं लोक लिहायचे. भोंगाबाई ते मला वाचून दाखवायची आणि वर म्हणायची, "झोप लागते म्हणे. कौतुक आहे की शिवी?" पण चेहरा फुललेला असायचा.

मग एके दिवशी साइटनं तिला एक नवी सोय देऊ केली. 'तुम्हाला वेळ नसेल तेव्हा तुमचा आवाज तुमच्यासाठी वाचेल.' तिनं मला आत बोलावलं. खाली बारीक अक्षरांची लांबच लांब पट्टी होती. ती तिनं बोटानं सर्रकन खाली ढकलली आणि 'मान्य' दाबलं. थोड्या वेळानं फोनमधून ती बोलायला लागली. म्हणजे तिचा आवाज. एक प्रवासवर्णन वाचत होता.

"हे मी वाचलेलंच नाही!" ती टाळी वाजवून हसली. "हे पुस्तक मी डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नाही!"

मी हसले नाही. तो आवाज तिच्यासारखा होता, एवढंच असतं तर ठीक होतं. पण ती जिथे श्वास घेते तिथेच तो श्वास घेत होता. लांब गावाचं नाव आलं की ती जशी शेवटचं अक्षर हलकेच सोडून देते, तसंच सोडत होता. "बंद कर गं," मी म्हटलं.

"अगं, घाबरतेस काय? फोटो काढला की माणूस थोडाच कमी होतो?"

पावसाळा सरला तेव्हा साइटनं आणखी एक सोय काढली होती. ऐकणाऱ्याला वाचणाऱ्याशी बोलता येई. पुस्तकातलं काही विचारावं आणि त्या आवाजानं उत्तर द्यावं. भोंगाबाईला त्याची सूचना आली असेल, पण अशा सूचना तिच्या फोनवर ढिगानं येत. तिनं पाहिली नाही.

मग सुनेचा फोन आला. मी तेव्हा तिच्या खोलीतच चहा घेत होते. फोनचा आवाज मोठा होता.

"ताई, तुम्ही नक्की कधी येताय ते कळवा म्हणजे बरं. आईंनी पिशवी भरून ठेवलीय."

"कसली पिशवी?"

"तुमच्याकडे यायची. तुम्हीच म्हणालात ना त्यांना, न्यायला येते म्हणून?"

"मी? कधी?"

सून म्हणाली, "रोज तर बोलता तुम्ही. दुपारी, संध्याकाळी. मला मेलीला वाटलं, ताईंना आता वेळ मिळायला लागला."

भोंगाबाईनं फोन ठेवला. "म्हातारपण," ती म्हणाली. "चळ लागलाय." पण चहा तसाच थंड झाला. त्या दुपारी पहिल्यांदाच तिनं एका गाडीचा फलाट चुकीचा सांगितला. उतारू पेट्या घेऊन इकडून तिकडे पळाले.

रविवारी तिनं मावशीला फोन केला. बराच वेळ फोन बिझी येत होता. लागला तेव्हा मावशी म्हणाली, "कोण? अगं, आत्ताच तर तुझ्याशी बोलत होते."

"मी आत्ता फोन लावतेय मावशी. थेंब घातलेस का?"

मावशी अगदी परक्याशी बोलावं तशी म्हणाली, "घातले हो," आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी भोंगाबाईनं रजा टाकली आणि मला म्हणाली, "तू चल माझ्याबरोबर." तिनं माझ्याकडे असं कधी काही मागितलं नव्हतं. आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो.

मावशीची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. एक पलंग, एक खुर्ची, कोपऱ्यात जुनं शिवणयंत्र, त्यावर घडी केलेल्या साड्या. दाराशी कापडी पिशवी भरलेली, तोंड दोरीनं बांधलेलं. मावशी उशीला टेकून बसली होती आणि उशीवर फोन होता. आम्ही दारातच थांबलो, कारण आत भोंगाबाई बोलत होती.

"मग तू काय केलंस मावशी?" फोनमधला आवाज विचारत होता. सावकाश. मायेनं.

"मग काय करणार? तुझं बोट मशीनच्या सुईखाली आलेलं. मी तसंच तोंडात धरलं. तू रडली नाहीस पण. आठवतं?"

"आठवतं ना. तू होतीस म्हणून रडले नाही."

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या भोंगाबाईनं डाव्या हाताची तर्जनी मुठीत घट्ट धरली.

"मावशी," ती म्हणाली.

मावशीनं चेहरा दाराकडे वळवला. "कोण गं?"

"मी आलेय."

"तू तर इथे आहेस," मावशी म्हणाली आणि फोनवर हात ठेवला.

भोंगाबाई पुढे झाली, पलंगाच्या कडेला बसली. "मावशी, ते यंत्र आहे. माझा आवाज त्यांनी घेतलाय, मीच दिला मूर्खासारखा. मी खरी. विचार काय विचारायचं ते. सुई लागली तेव्हा तू फ्रॉक शिवत होतीस, निळा, कॉलरवाला..."

"ते मीच तिला परवा सांगितलं," मावशी सावध होऊन म्हणाली. "तुला कुणी सांगितलं?"

भोंगाबाईकडे पुरावा म्हणून जे जे होतं, ते मावशीनं आधीच त्या आवाजाला देऊन टाकलं होतं. शेवटी तिनं मावशीचा हात धरला. मावशी बराच वेळ तो हात चाचपत राहिली. तर्जनीवरच्या जुन्या वणापाशी तिचा अंगठा थांबला.

"असशील तूच," मावशी हळू म्हणाली. "डोळे गेलेत, अक्कल नाही गेली माझी. मला कळतं कोणती कोण ते."

"मग?"

"मग काय? ती माझ्याशी बोलते. तू थेंब विचारतेस आणि ठेवतेस." मावशीच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "ती म्हणाली, न्यायला येते. तू कधी म्हणालीस?"

भोंगाबाईचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. दोन खोल्या, दिवसा झोपणारा नवरा, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं असेल. आणि त्या शांततेत उशीवरून तिच्याच आवाजात उत्तर आलं, "येते ना मावशी. रविवारी नक्की येते."

तिनं झडप घालून फोन उचलला आणि बंद केला. मावशी लहान पोरासारखी रडायला लागली.

परत आल्यावर भोंगाबाईनं साइटला लिहिलं, की माझा आवाज काढून टाका. गोड शब्दांत उत्तर आलं, की आपल्या भावना आम्ही समजतो, विनंती पुढे पाठवली आहे. तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच, शब्दाला शब्द. आठवडे गेले. या काळात नातेवाइकांचे फोन येऊ लागले. एक चुलती म्हणाली, तुझी नोकरी सुटली असं ऐकलं. कुणी म्हणालं, तुझी छातीत दुखण्याची तक्रार आहे म्हणे, डॉक्टरांना दाखवलंस का? मावशीनं विचारलं असेल आणि त्या आवाजानं गप्पा पुढे चालाव्यात म्हणून हो म्हटलं असेल, तेच मावशी पुढे सांगत असणार. जे घडलंच नव्हतं ते भोंगाबाईच्या नावावर गावभर होत होतं, आणि दर वेळी "तूच तर सांगितलंस" असं ऐकावं लागत होतं.

शेवटी एकदाचं उत्तर आलं. आवाज काढला आहे. सोबत एक ओळ होती, की सहयोगी सेवांकडे आधीच गेलेला आवाज आमच्या अखत्यारीत येत नाही. ही ओळ तिनं मला दोनदा वाचायला लावली. "म्हणजे काय गं?"

"म्हणजे हात झटकले," मी म्हटलं. पण गेला तर खरा, असं म्हणून आम्ही समाधान मानलं.

तिच्या जिवात जीव आला. तिनं नवऱ्याशी बोलून ठरवलं, की मावशीला इकडे आणायचं. नवरा म्हणाला, "आण. मी कानांत कापूस घालून झोपेन." सुनेला मात्र तिनं कळवलं नाही. स्वतःच जाऊन दारात उभं राहायचं, एवढं एक सुख तिला हवं होतं. ती निघाली त्या दिवशी माइकवर बदली माणूस होता आणि त्याची गावांची नावं ऐकून चहावाला कानांवर हात ठेवत होता.

दुपारी माझ्या फोनवर तिचा फोन आला. "मावशी नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"घरात नाहीये. पिशवी नाहीये." मागे सून रडत बोलत होती. ते ऐकून आणि नंतर भोंगाबाईकडून कळलं ते असं. साइटवरचा आवाज बंद झाला तेव्हापासून मावशीनं अन्न टाकलं होतं. दाराकडे कान लावून बसायची. सुनेला बघवेना. तिनं फोनवर शोध शोध शोधलं आणि तो आवाज तिला दुसऱ्याच एका अॅपमध्ये सापडला. भोंगाबाईचं नाव नव्हतं, नुसतं 'प्रेमळ वाचक' असं लिहिलेलं. "त्या जेवत नव्हत्या हो ताई," सून म्हणत होती. "मी काय करायचं होतं? आवाज लागला आणि त्या जेवल्या." त्या सकाळी मावशी त्या आवाजाला विचारत होती, की तू येत नाहीस तर मीच येऊ का स्टँडवर? आवाज म्हणाला, ये ना मावशी, मी वाट बघते. सुनेनं स्वयंपाकघरातून ऐकलं आणि रोजचंच म्हणून सोडून दिलं. ती दूध आणायला गेली तेवढ्यात मावशी काठी घेऊन बाहेर पडली.

तिथल्या स्टँडवर एका हमालानं पाहिलं होतं. म्हातारी कानाशी फोन धरून हसत होती. कुणीतरी हाताला धरून तिला गाडीत चढवलं. कोणत्या गाडीत, ते हमालाला आठवेना.

मी नियंत्रकाकडे धावले. आमचे नियंत्रक एरवी रागीट, पण त्या दिवशी त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. एकेका डेपोला फोन लावत गेले. "अंध म्हातारी, कापडी पिशवी, एकटी." नाही. नाही. कुणी म्हणे बघतो. खिडकीसमोर पासवाल्यांची रांग लागली होती आणि कुणी ओरडत नव्हतं, हेच मला भयंकर वाटत होतं. सगळ्या स्टँडला कळलं होतं.

उन्हं कलली तेव्हा एका भलत्याच टोकाच्या डेपोतून फोन आला. गाडी रिकामी झाली तरी एक आजी उतरायला तयार नव्हती. वाहकानं विचारलं तर म्हणाली, माझी पोर घ्यायला येतेय, ती आत्ताच बोलली, पण आता तिचा आवाज येत नाहीये. फोनची बॅटरी संपली होती. मावशी सुखरूप होती, पण पाणीसुद्धा प्यायला तयार नव्हती, आणि भोंगाबाई तिथे पोचेपर्यंत तिनं बंद फोन कानावरून काढला नाही.

आता मावशी तिच्याकडेच असते. नवरा खरंच कापूस घालून झोपतो. भोंगाबाईनं स्वतःचा जुना फोन देऊन टाकला, नवा घेतला, त्यात फक्त फोन करता येतो. दीपगृहवाल्यांचा गट सुटला. पण तिला एक सवय लागलीय. फोन वाजला की ती उचलते आणि बोलत नाही. पलीकडचा आधी बोलेपर्यंत ओठ घट्ट मिटून ऐकत राहते. मी विचारलं, कशाला घाबरतेस, तर म्हणाली, "एकदा उचलला तर पलीकडे मीच बोलत होते. म्हणाली, आजी आहेत का घरात?" पुढे आम्ही तो विषय काढला नाही.

परवा मी मावशीला भेटायला गेले. भोंगाबाई तिला वाचून दाखवत होती, हलक्या आवाजात, शब्द लांबवून, माइकवर बोलते तसं. घरीही ती आता तसंच बोलते, मिरची पार गेली. मावशी खुर्चीत डोकं टेकून ऐकत होती. मग भोंगाबाई चहा ठेवायला आत गेली आणि मावशीनं माझं मनगट धरलं. तिची बोटं गार होती.

"खरं सांग," ती कुजबुजली. "ही कोणती गं?"

"तीच आहे हो मावशी," मी म्हटलं. "तुमचीच."

मावशीनं मान हलवली. पटलं म्हणून, की नाही पटलं म्हणून, मला कळलं नाही. आतून भोंगाबाईनं विचारलं, चहात साखर किती घालू. सावकाश, मायेनं विचारलं. आणि उत्तर द्यायच्या आधी आम्ही दोघीही क्षणभर थांबलो.